लंब बाहेर पडतो

यंदा एकेचाळीस अर्ज.
ओमारने ते काट्यावर ठेवून पाहिले,
आम्ही अक्रोड तोलतो त्याच काट्यावर.
दोन किलोला थोडे कमी.
फेब्रुवारीत त्याला काहीतरी मोजावंच लागतं.

शिष्यवृत्ती ईयाच्या नावाची.
पहिल्या वर्षी निवा गाडी विकून उभी केली,
मग खाणीतली माणसं पगारातून पाच-पाच लारी देऊ लागली,
रोपवेच्या तिकीटखिडकीत मी एक डबा ठेवला,
आणि आता अकरा वर्षं
दर सप्टेंबरला एक मूल दरी उतरून
कुताइसीला शिकायला जातं.
मीच त्याचं तिकीट फाडते. पैसे घेत नाही.

अर्जाच्या पाठीमागे
तिच्या वहीतलं शेवटचं पान छापलेलं असतं.
एक त्रिकोण, सात ओळी, आठवी अर्धी.
त्या दुपारी तिने पेन्सिल ठेवली नि बस पकडायला धावली.
घाटात बर्फ होतं.
एवढंच सांगते. बाकीचं ओमारही विचारत नाही.

'ही सिद्धता पुरी करा' ही अट माझी.
गणित मला येत नाही.
वाटलं, कुणीतरी ती ओळ संपवावी.

मुलं निबंधही जोडतात.
त्यांत ईया वर्षागणिक चांगली होत चालली आहे.
पहिल्या वर्षी नुसती हुशार होती,
चौथ्या वर्षी नम्र झाली,
आता तर पहाटे उठते,
म्हाताऱ्यांच्या पिशव्या चढावर वाहून नेते,
कुणाला उलटून बोलत नाही.
मी वाचते आणि वाटतं, ही कुणाची पोर?
माझी दहाला उठायची,
भूगोलात नापास झाली होती,
आणि मावशीला तोंडावर म्हणाली होती
की तुझा अक्रोडाचा मुरंबा गोड नाही, नुसता चिकट आहे.
मावशीसुद्धा आता म्हणते, किती गोडीने खायची!

गेलेल्या माणसाला सगळे पैकीच्या पैकी देतात.

काल रात्री सव्विसावा अर्ज उघडला.
बाद्री गागनिद्झे, वरच्या वस्तीतला, वय सोळा.
निबंध नाही. चौकटीच्या वहीचं फाडलेलं पान:

'तुमच्या मुलीची तिसऱ्या ओळीत चूक आहे.
त्रिकोण लघुकोनच असणार असं ती धरून चालली.
कुठे दिलंय तसं?
विशालकोन असला तर लंब बाहेर पडतो
आणि पुढच्या चारही ओळी कोसळतात.
मी दोन्ही शक्यता लिहिल्यात.
तिला घाई झाली असावी.'

खाली आकृती.
पाया वाढवून काढलेली तुटक रेघ,
आणि तिच्यावर, त्रिकोणाच्या बाहेर,
कोऱ्या कागदात उतरलेला लंब.

सकाळी समितीत मुख्याध्यापक गुराम
चष्मा पुसत म्हणाले, पोरगा उद्धट आहे.
मृताबद्दल असं लिहितात का?
हिशेबनीस लेइला खिडकीतून खाली बघत राहिली,
रोपवेचा पाळणा येईपर्यंत.
मग म्हणाली, दहा वर्षांची दहा उत्तरं माझ्या कपाटात आहेत.
सगळी तिसऱ्या ओळीवरून गुमान पुढे गेलेली.

गुराम गप्प झाले. त्यांनीच तपासली होती ती.

मी म्हटलं, ह्यालाच द्यायची.
कारण विचारलं. कारण काय सांगणार?
की अकरा वर्षांत पहिल्यांदा
कुणीतरी माझ्या मुलीशी भांडलं.

घरी आले. ओमारने पान दिव्याखाली धरलं,
उलटं, मग सुलटं.
'म्हणजे चुकली ती?'
'चुकली.'
'माझ्यावर गेली,' तो म्हणाला,
'आमच्यात काय दिलंय ते कुणी धड वाचतच नाही,'
आणि हसला, आणि तोंड फिरवून
काट्यावरचे अर्ज उगाच पुन्हा तोलू लागला.

मी तिच्या खोलीचं दार उघडलं.
जेवण निवत असताना हाक मारायचे
तशी, तेवढ्याच मोठ्याने,
तेवढ्याच वैतागाने म्हणाले:

कसली एवढी घाई तुला?
ईया, तिसरी ओळ बघ परत.