राखून ठेवलेला

लंडनला साडेदहा वाजतात
तेव्हा आमच्या जमैकात पहाटेचे साडेचार.
व्हर्लिन टॅपरच्या दुकानात
मिरचीच्या सॉसच्या बाटलीला टेकवलेला फोन,
भोवती आम्ही अकरा जण
आणि एक कुत्री, जिला कुणी बोलावलं नव्हतं.
आज एकही होडी पाण्यात लोटली नाही.

पडद्यावर पाच न्यायाधीश.
टोप नाहीत, झगे नाहीत, साधे कोट.
"बँकेतले वाटतात," व्हर्लिन म्हणाली.
तिने मात्र चर्चचा झगा घातला होता, इस्त्री करून.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
एझिकिएल कजोला चढायची नव्हतीच.
त्याला उतरायच्या होत्या
एकेचाळीस पायऱ्या,
हॉटेलने भिंतीआड घेतलेल्या,
खाली पाण्यापर्यंत जाणाऱ्या.
पहिल्या कोर्टात जिंकला,
त्यावरच्या कोर्टात हरला,
आणि सर्वांत वरचं कोर्ट
आमच्या देशातच नाही.
ते समुद्रापलीकडे आहे,
ज्या समुद्राकडे आम्हाला जाऊ देत नाहीत
त्याच्याच.

मी बर्फ विकतो.
कागद माझ्याकडे होते, बर्फाच्या पेटीत;
अख्ख्या ब्लॅकवेल खाडीत
वादळातही न भिजणारी तेवढी एकच जागा.
सात वर्षं त्या पेटीत मासा ठेवला नाही.
हिशेब नंतर करू, एझिकिएल म्हणायचा.
तिसऱ्या वर्षी तो गेला.
खटल्यावर अजून त्याचंच नाव पहिलं.
पाचही जण ते चुकीचं उच्चारतात,
पण केवढ्या अदबीनं!
जिवंतपणी त्याला कुणी 'मिस्टर' म्हटल्याचं
मला तरी आठवत नाही.

डावीकडच्या बाईंनी विचारलं,
"वाट नेमकी किती रुंद आहे?"
आमचा वकील पानं चाळू लागला.
सहाशे बारा. सहाशे तेरा.
इकडे दुकानात सगळे एकदम सांगू लागले:
डोक्यावर टोपली घेतलेल्या दोन बायका
एकमेकींना ओलांडतील एवढी.
भांडण नसेल तर.
एक शवपेटी आणि चौघे जण एवढी,
बायबलवाला मागून.
फोनला ओरडून सांगितलं आम्ही.
आम्हाला त्यांचं ऐकू येत होतं;
उलट दिशेची सोय त्यात नव्हती.
"आठ फूट, माय लेडी," वकील म्हणाला शेवटी.
बाईंनी लिहून घेतलं.
आठ फूट. खोटं काहीच नाही त्यात.
तरी व्हर्लिन उठून आत गेली
आणि बराच वेळ भांडी वाजत राहिली.

मध्ये ते जेवायला गेले; आमची न्याहारी झाली.
तेव्हा दारात दिसला ऑरिन,
हॉटेलचा पहारेकरी, गणवेशात,
कधीपासून उभा होता कोण जाणे.
"माझ्या चौकीत सिग्नल येत नाही," म्हणाला.
कुणी काही बोललं नाही.
कुत्रीला ढकलून त्याला जागा केली.

दहाच्या सुमारास मधल्या न्यायाधीशांनी
दोन्ही बाजूंचे आभार मानले.
निकाल राखून ठेवत आहोत, म्हणाले.

राखून ठेवला.
उशिरा येणाऱ्या माणसासाठी
ताट राखून ठेवतात, तसा.
ताटात काय आहे
ते झाकण ठेवणाऱ्यालाच ठाऊक.
"किती दिवस?" व्हर्लिनने विचारलं.
वकिलाचा फोन लागला नाही.
पडदा काळा झाला, त्यात आमचेच चेहरे.

मी पेटीतले कागद काढून
तिच्या पिठाच्या डब्यावर ठेवले,
पेटीत बर्फ भरला आणि निघालो.
मागून बाकीचे. पुढे ऑरिन.
भिंतीच्या फाटकाशी त्याने कुलूप काढलं,
उन्हाकडे धरून पाहिलं,
गंजलंय, म्हणाला,
आणि खाली वाकून बूट बांधू लागला.
आधी डावा. मग उजवा.
मग पुन्हा डावा.