दाढ्या दिसत नाहीत

पैंगिणीहून फोन आला, सकाळी साडेसहाला:
"बाय, तुमचं ते पान उघडलं. मुकुट दिसतात,
गदा दिसते. दाढ्या दिसत नाहीत."
जत्रा चार दिवसांवर, आणि त्यांच्या ऋषीला अजून दाढी नाही.

चहा तसाच ठेवून लॅपटॉप उघडला.
बिजागरी तुटलेली, पाठीशी तांदळाचा डबा टेकवला
की उभा राहतो.

माशेलात आमची ड्रेपरी सत्तेचाळीस वर्षांची.
माळ्यावर अकरा ट्रंका: दोन राजांच्या, तीन दैत्यांच्या,
एकीत नुसत्या मिशा, डांबरगोळ्यांच्या वासात.
कोणी काय नेलं, कोणी काय जाळून आणलं
ते मोहनदासांच्या वहीत
(बेतकीच्या मारुतीने एकदा शेपूट खरंच पेटवली).
पण वही माशेलाबाहेर जात नाही
आणि पोरं आता काचेवर बोट फिरवत विचारतात,
"कुठे बघायचं?"
म्हणून. बावन्नाव्या वर्षी.

पहिल्या रात्री एवढंच जमलं: पांढऱ्यावर काळं
'नमस्कार'.
मोहनदासांनी चष्मा पुसून पाहिलं. म्हणाले,
"पात्र आलं. कपडे कुठायत?"
नंतर कळलं, बरोबर बोलले होते.
आधी नुसतं अंग असतं, मथळा, परिच्छेद, यादी,
कपडे निराळ्या फाइलीत.
हे मला कोणी काय शिकवायचं?
लग्न होऊन आले तेव्हापासून
किडकिडीत पोरांचे भीम करते आहे.

शिकवणारा हिंदीतून बोलायचा, भरभर.
त्याला अर्ध्या वेगावर लावलं की
प्यायल्यासारखा वाटायचा, पण समजायचा.
गिरणीच्या पावत्यांमागे सगळं उतरवून घेतलं.
महिरपी कंस कीबोर्डावर सापडायलाच
एक अख्खी संध्याकाळ.
एकदा अर्धविराम राहिला आणि सगळे मुकुट
एकावर एक येऊन पडले,
नाटक संपल्यावर पहाटे पडतात तसे.
तीन रात्री शोधला.
चौथ्या दिवशी पदेराचा नातू रुझार
पाव देता देता, सायकलवरून न उतरता,
खिडकीतून बघून म्हणाला, "एकतिसाव्या ओळीत, बाय."
राग आला. त्याचा नव्हे.
शिवणीचा एक टाका सुटला तर
मी अंधारात बोटांनी सांगते.

मग फोनची गोष्ट. मोठ्या पडद्यावर बसलेला अंगरखा
फोनवर जमिनीला लोळायला लागला.
सेफ्टी पिना मारल्या, इथे दहा, तिथे उणे वीस.
रंगमंचावर चालून जातं, प्रेक्षक लांब असतो.
इथला नाकाला नाक लावून बसतो.
सगळं उसवलं. मापं टक्क्यांत घेतली,
नाडी घातली म्हणा.

आणि आज दाढ्या.
माझ्याकडे दिसतात, तिकडे नाहीत.
एकेक नाव वाचत गेले, चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर,
तेव्हा दिसलं:
फाइलीचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होतं,
मी हाक मारते लहान अक्षराने.
माझा लॅपटॉप घरचा, कशीही हाक मारा, ओ देतो.
बाहेरचा देत नाही.

एक अक्षर. पैंगिणीला फोन.
"आता बघा."
तिकडे बराच वेळ कोंबडा आरवत राहिला.
"दिसल्या! पण बाय,
राजाच्या, दैत्याच्या, भिकाऱ्याच्या,
सगळ्या दाढ्यांमागे एकच माणूस लाजतोय काय?"
मी म्हटलं, तो आमच्या घरचा आहे.
"पांढरी पाठवा, कदंबच्या बसने. आणि जटा?"

जटा सात नंबरच्या ट्रंकेत.
पानावर अजून नाहीत.
चहावर साय धरली होती.
मी शिडी लावली, वरूनच हाक मारली,
अहो, दाराकडे उजेडात बसा,
आणि डोकं जरा खाली करा.