शुक्रवारची किल्ली

निवडणूक कसली? जुनी अध्यक्ष पदवी घेऊन गेली
तिर्झाच्या हातात किल्ली टेकवून.

मेनमधला डिसेंबर. चारलाच काळोख.
दुपारपासून हीटरवर परात, परातीत फुगणारी कणीक.
वसतिगृहात मेणबत्त्यांना बंदी,
म्हणून सेलवरच्या दोन ज्योती.
प्रार्थनेआधी ती बटण दाबते
आणि दरवेळी ओशाळते.

वेस्ली आला होता धुलाईयंत्रासाठी सुट्टे मागायला.
"आजोबा काट्झ. बाकी मला काही येत नाही."
"मलाही अर्धंच. वेणी घालता येते?"
"धाकट्या बहिणीची घालायचो."
"मग हात धू."

खुर्च्या बारा, माणसं पाच.
उरलेल्या सात तिनं मिटल्या नाहीत.

मे महिन्यात तीही जाईल.
पावाची वेणी वाकडी भाजली,
पण सुटली नाही.
तिनं खिशातली किल्ली चाचपली.