गाळी

पाचव्या किलोमीटरला बंद पडते.
वडगावातून निघते ती झकास, दोन्ही सायलेन्सर निळा धूर सोडत,
आणि येळ्ळूरच्या भातशेतांपाशी आली की
घास अडकल्यासारखी खोकते, थांबते.
दहा मिनिटं बांधावर बसायचं. मग एका किकमध्ये चालू.
तीन आठवडे हेच.

येझदी, एकोणऐंशीची. माझ्याहून तीन वर्षांनी लहान.
इराप्पा हुदली सरांनी निवृत्त होताना मला विकली.
"तू लॅबमध्ये असतेस, तुला जमेल," म्हणाले,
आणि सोबत एक वही दिली, दोनशे पानी, सगळी कानडीत.
मला कानडी बोलायला येतं बाजारापुरतं,
वाचायला बसच्या पाटीपुरतं.

रविवारी अंगणात पोतं अंथरते.
पेट्रोल, ठिणगी, दाब. सर म्हणायचे,
ह्यातलं एक रुसतं आणि उरलेली दोन मार खातात.
प्लग काढला: कोरडा, खरपूस, बिस्किटाच्या रंगाचा. त्याचा दोष नाही.
पॉइंट घासले, फट मोजली.
कंडेन्सर मक्तुमसाबनं खडेबाजारातल्या कुठल्याशा पेटीतून काढून दिला,
"कंपनीचा आहे," म्हणाला, तेव्हा दुसरीकडे बघत होता.
उद्यमबागेतल्या लेथवाल्या धामणेकरनं
सिलिंडरात बोट फिरवलं, डोळे मिटून,
जसं लहान बाळाच्या हिरड्यांवरून फिरवतात.
"बोअर नको करूस बाई. अजून दहा वरसं पळतंय की."

आमच्या गल्लीत घरोघर यंत्रमाग.
इंजिन ऐकायचं तर वीज जायची वाट बघावी लागते.
बुधवारी अकराला गेली.
शेवटचा धोटा कुठेतरी अर्ध्यात थांबला
आणि मला माझी गाडी ऐकू आली:
नीट, गोल. काही म्हणजे काही तक्रार नाही तिची.

वहीचं एकतिसावं पान. ओडता ओडता निंतरे,
पळता पळता थांबली तर.
पुढे ऑइलचा डाग, त्याखालून दिसतं ते: गाळ. नोडु.
गाळ बघ.
मधूनच मराठी शब्द. वाटलं, माझ्यासाठीच घातला असेल.
म्हणून टाकी उतरवली. रॉकेल आणि मूठभर नट घालून
सूप पाखडावं तशी हलवली. तीनदा.
कॉक सोडवला, जेटमधून फुंकर मारली,
तोंडात पेट्रोलची चव घेऊन शाळेची घंटा गाठली.
निघाला तो चिमूटभर गंज.

शनिवारी बिसियूटच्या खोलीत
निंगव्वा तेलाचा डबा फोडत होती.
खिळा, दगड, एक भोक. डबा कलता केला.
तेल गटगट आलं, मग अडखळलं, मग थेंब थेंब.
मी नुसती बघत उभी. तिनं दुसऱ्या कोपऱ्यावर खिळा ठेवला.
"गाळी बेकल्ला, अक्का?"
हवा नको का.

गाळी.
पंचवीस वर्षं मी पोरांना दाखवतेय, काचेची नळी,
वर अंगठा ठेवला की पाणी पडत नाही, अंगठा काढा, पडतं.
दरवर्षी तेच पाणी, तेच "अय्यो".

घरी गेले, चप्पलही न काढता टाकीचं झाकण फिरवलं.
फुस्स.
झाकणाच्या पोटात सुईएवढं भोक, आणि त्यात
तांबडी माती, गुळगुळीत, निगुतीनं लिंपलेली.
कुंभारमाशी. गाडी पावसाळाभर पत्र्याखाली उभी होती,
तिला वाटलं असेल, रिकामं घर.
गोधडीच्या सुईनं उकरलं. माती तळहातावर घेतली,
फेकायला जरा उशीरच केला.

पाचवा किलोमीटर गेला. बांध गेला,
माझ्या बसण्यानं दबलेलं गवतही.
राजहंसगडाच्या पायथ्याला मीच थांबवली तिला,
उगीच, बंद करून बघायला.

रात्री वही काढली. डागावर पेन्सिलनं वेलांटी दिली.
कानडीत ती अक्षराच्या डोक्यावर बसते,
माझा हात सवयीनं उजवीकडे वळला, मराठी काढून मोकळा झाला.
खोडरबर शोधलं नाही.
मागचा ब्रेक किंचाळतोय, ते पान बेचाळीस.