जी बासुंदी नव्हती

रात्री अडीचला डब्याचं झाकण वाजतं.
आप्पा उठलेत.
फळीवरचा एकेक डबा उघडून वास घेतात,
धने, हळद, बाजरीचं पीठ,
आणि झाकण लावून पुढच्याकडे वळतात
झडतीला आलेल्या जमादारासारखे.

सुकदेव आचारी.
चोपड्यापासून शिरपूरपर्यंत लोक आधी ह्यांची तारीख धरत,
मग भटजीला मुहूर्त विचारत.
हळदीला काळ्या रश्श्याचं मटण,
लग्नाला शंभर लिटर दुधाची बासुंदी.
स्वतः जेवायचे शेवटच्या पंगतीनंतर,
कढईच्या बुडाचं, खरवडून.

आता छातीवर टाक्यांची रेघ आहे
आणि डॉक्टर झोपेंचा कागद:
मटण नाही, तूप नाही, साय नाही.
खाली सही, शिक्का.

"कोकी, काय शे घरमा?"
केळीचा घड आहे, आप्पा. शेंगदाणे आहेत.
ते भिंतीकडे तोंड करून झोपतात.

मला त्यांनी कधी भट्टीजवळ उभं केलं नाही.
पोरींनी कांदे चिरावेत, एवढंच.
तेव्हा चिरता चिरता जे पाहिलं
तेवढ्या भांडवलावर मी कांदे निखाऱ्यात पुरले,
खोबऱ्याची वाटी जाळावर काळी होईतो धरली,
पाट्यावर वाटलं, कारण मिक्सरच्या आवाजानं त्यांना कळलं असतं.
तुरीच्या डाळीचे फुणके वाफवून रश्श्यात सोडले.
सोबत कळण्याची भाकरी, बुक्कीनं फोडलेला कांदा.

चार घास गेले. कपाळावर घाम आला.
मग म्हणाले, "चोखाले हाड नही."
मी रश्श्यातली शेवग्याची शेंग पुढे केली.
हसले नाहीत.
पण चोखली, आणि चोथा ताटाच्या कडेला
हाडं मांडायचे तसा नीट मांडला.

गोडाचं मात्र सोपं नव्हतं.
शेंगदाणे रात्रभर भिजवले, सालं काढली, वाटले,
जुन्या धोतराच्या फडक्यातून दूध पिळलं.
मंद जाळ. त्यात कुस्करलेलं केळं,
सालीवर काळे ठिपके पडलेलं, कुणी विकत घेत नाही तसलं.
सातपुड्यातल्या बाईकडून घेतलेली मूठभर चारोळी.
गूळ टाकायला हात नेला
तेवढ्यात मागून, खाटेवरून, आचाऱ्याचा आवाज:
"उतारी ले. मंग गूय टाक. नही ते फाटी जाई."

वास येत होता म्हणजे त्यांना.
किती वेळापासून, कोण जाणे.

उतरवलं. निववलं. गूळ घातला, फाटलं नाही.
वर पातळशी साय धरली होती, शेंगदाण्याची साय,
तिच्यावर झोपेंच्या कागदात काही लिहिलेलं नाही.
आप्पांनी वाटी नाकाशी नेली, जिभेवर घोळवली,
डोळे मिटले, उघडले.
"हाई बासुंदी नही," म्हणाले,
आणि वाटी बोटानं पुसून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, पेपराआडून:
"काल जी बासुंदी नव्हती, ती शे का जराशी?"

तेव्हापासून आमच्याकडे तिचं हेच नाव.
शेजारच्या वत्सलाकाकू वाटी घेऊन येतात,
"नव्हती ती आहे का गं?"
परवा आप्पा स्टुलावर बसले, माझ्या हातातला झारा घेतला,
कढईच्या तळाशी आठ आठ काढत राहिले,
जायफळ किती, ते नखानं खुणावून दाखवलं.
भूक कशाची होती, मी विचारलं नाही.
खाताना त्यांनी अर्धीच वाटी घेतली.

अडीचला झाकण अजून वाजतं.
हल्ली एकाच डब्याचं.
मग पातेल्यात पडणाऱ्या शेंगदाण्यांचा आवाज,
ओंजळीमागून ओंजळ, मी अंथरुणात मोजते,
पाच, सहा, सात.
घरात आम्ही दोघंच.
पण एवढं थोडं रांधायला
आप्पा कुठे शिकलेत कधी.