पोटात घाल

आई माझे डायपर पुलावरून टाकायची.
फजरच्या अजानआधी, स्कूटरचा दिवा विझवून,
काळ्या पिशवीची गाठ दोनदा चाचपून.

जाळले तर लेकराच्या ढुंगणाला फोड येतात
हे तिला सासूनं सांगितलेलं,
सासूला आणखी कुणी.
सुराबायात अजून सांगतात.
आगीपेक्षा पाणी बरं. पाणी गार असतं.
पिशवी खाली गेली की
कठड्याला हात टेकून ती पुटपुटायची,
बाई गं, पोटात घाल.

नदीनं घातलं.

आता त्या पुलावर पाटी आहे, डायपर टाकू नका.
शेजारची तुमिराहबाई नातवाचे
पाटीच्या बरोबर खाली टाकते,
म्हणजे जागा चुकत नाही.
त्याच नदीचं पाणी आमच्या नळाला.

आणि मी, तेवीस वर्षांची,
विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर
गळक्या एसीखाली बादली ठेवून बसते.
समोर बादेर मासा, गुणुंगसारीच्या बंधाऱ्याखालचा,
लांबी अठरा सेंटिमीटर.
पोट चिरायचं, आतडं काढायचं,
रात्रभर कॉस्टिकमध्ये ठेवायचं.
सकाळी मासा नसतो.
न विरघळलेलं तेवढं असतं.

सूक्ष्मदर्शकाखाली निळा धागा,
बिनरंगाचा पापुद्रा,
एकदा गुलाबी काहीतरी.
(अस्वलं छापलेले पन्नास रुपियांनी महाग होते, म्हणते आई,
पण तुला तेच आणायचे.)
कुणाचं हे, विचारून उपयोग नाही.
शर्टाचं असेल, जाळ्याचं, तांदळाच्या पोत्याचं.
आमच्यात माणसांनाही आडनाव नसतं.

खात्री करायची तर सुई तापवतात.
टेकवली की कापूस जळतो,
प्लास्टिक अंग चोरतं.

पहिल्या दिवशी सुई लाल झाली
आणि माझा हात तसाच राहिला.
काय झालं, हंदारूसरांनी विचारलं.
काही नाही, म्हटलं,
आणि खुर्चीत जरा सरकून बसले,
एका बाजूवर.

मग टेकवली.
धाग्यानं अंग चोरलं.
मला काही झालं नाही.
तक्त्यात लिहिलं, एक.
त्या माशात संध्याकाळपर्यंत सतरा.

फोन वाजला. वेनिंग,
बादेर तळलेत, सांबल वाटलाय, येतेस ना?
आई, ते मासे,
काय ते मासे?
मागे तिच्या कढईचा आवाज,
कुणीतरी मीठ मागत होतं.
भात जास्त लाव, म्हटलं.

पोटाकडचा मऊ तुकडा
तिनं माझ्याच ताटात टाकला,
दात आल्यापासून तो माझाच.
दिव्याकडे धरून बोटांनी चाचपला आधी,
एक बारीक काटा काढून
ताटाच्या कडेला पुसला.
बघून खा गं, म्हणाली.