दीड फूट

घणसोलीत पोचलो तेव्हा साडेबारा झाले होते.
इमारतीची सावली तिच्याच पायाखाली,
म्हणजे फोटोला वाईट वेळ.
पण फोटो आधीच काढून झाले होते.
दोन दिवस एकाही गॅलरीत टॉवेल दिसू नये
ही सूचना लिफ्टजवळ अजून चिकटलेली.
"ओले कपडे काय डोक्यावर वाळवायचे?"
तिसऱ्या मजल्यावरच्या शेडगेकाकूंनी विचारलं,
जणू सूचनेखाली सही माझीच होती.

आम्ही तिघं परीक्षक.
एकाने वाऱ्याची दिशा पाहिली,
एकाने विटांच्या जाळीवर हात फिरवून
"प्रामाणिक" असा शब्द काढला.
मी तीस वर्षं नगररचनेत नकाशे तपासलेली बाई,
माझ्या पर्समध्ये अजून टेप असते.

जिना मोजला. रुंदी नियमात.
वळणावरची जागा मात्र दीड फूट जास्त,
प्रत्येक मजल्यावर.
सात मजले, दोन जिने; हिशेब तोंडी झाला,
एवढ्यात एक अख्खी खोली निघाली असती.
सोसायटीने सोडली कशी?

केतकी उकिडवे, नकाशावर तिचीच सही,
आधी म्हणाली, सामान चढवायला.
ही माथाडींची सोसायटी. कपाट कसं वळवायचं
ते इथे कुणाला शिकवायला नको.
मी टेप गुंडाळत राहिले.

मग म्हणाली, वर्तकनगरला आम्ही चौथ्या मजल्यावर राहायचो.
बाबांना खाली नेताना
प्रत्येक वळणावर उभं करावं लागलं.

शेडगेकाकू दारातून ऐकत होत्या.
आत गेल्या, पाणी घेऊन आल्या
तिच्यासाठी. आमच्यासाठी नाही.

गुणपत्रिकेत संकल्पना, ऊर्जा, नावीन्य,
परिसराशी नातं, प्रत्येकी पंचवीस.
मेलेल्या माणसाला आडवं राहू देण्याचे गुण
कुठल्या रकान्यात घालतात?
नावीन्यावर पेन टेकवलं आणि लाज वाटली.
शेवटी परिसराशी नातं, पूर्ण पंचवीस,
शेरा एकाच शब्दाचा: वळतं.

निकाल मार्चमध्ये आहे.
परवा उगाच जाऊन आले, काम काही नव्हतं.
गॅलऱ्या भरलेल्या, साड्या, गणवेश, एक जाड गोधडी
अजून ठिबकणारी.
दुसऱ्या वळणावर, त्या वाढीव जागेत,
चार पोरं कॅरम मांडून बसलेली.
मी थबकले.
राणीवरची नजर न काढता एक जण म्हणाला,
आजी, भिंतीकडून या,
जागा आहे.